जोडीनं ये

१० फेब्रुवारी, मंगळवार

भाकरी तव्याला चिकटली ती चिकटलीच. उलथण्यानं खरवडून काढली, बोट भाजलं, नि शेवटी कोपऱ्यावरून पाव आणून दुधात बुडवून खाल्ला. चाळीस वर्षं मी घाटनांदुरात भांड्याचं दुकान चालवलं. 'घे मावशे, ह्या तव्यावरून भाकरी कागदासारखी सुटंल' असं किती बायांना सांगितलं असंल! एकीनंबी कधी विचारलं न्हाई, की अप्पा, तुमी कधी टाकून बघितली का ह्याच्यावर.

उमाला जाऊन दोन महिने झाले. दुकान आता हनुमान बघतो — जुना गडी, माझ्यापेक्षा चांगलं बघतो. शेजारच्या साखराबाईचा डबा येत होता दोन्ही टायमाला, तो काल मीच बंद केला. बाई रागावली. "अप्पा, माझ्या हाताला काय किडे पडले का?" न्हाई बाई. कारण दुसरंच हाय. तिला सांगितलं न्हाई, हितं लिहितो.

ईश्वरी संक्रांतीला आली न्हाई. एकुलती एक लेक, माजलगावला दिलेली. दर संक्रांतीला यायची. ह्या खेपेला फोनवर म्हणली, "येऊन काय करू अप्पा? तुमालाच डब्यावर जेवावं लागतंय." साधंच बोलली, पण माझ्या लई जिव्हारी लागलं. आई गेली म्हणजे पोरीचं माहेरबी गेलं का? बाप जिता हाय की अजून. चूल पेटलेली पाहिजे, अंथरूण घातलेलं पाहिजे, आल्याआल्या कोणी पाण्याचा तांब्या पुढं केला पाहिजे. हे सगळं उमा करायची. आता मी शिकणार. सगळं घर शिकणार. पासष्टीत सून झालो म्हणायचं, स्वतःच्याच घराची.

१२ फेब्रुवारी

दोन भाकऱ्या झाल्या. एक मी खाल्ली. दुसरी कुत्र्यानं हुंगली नि निघून गेलं.

१५ फेब्रुवारी, रविवार. शिवरात्र

अंघोळ करून पूजेला बसलो. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं — नि समोर कायच न्हाई. ना विभूती, ना बेल, ना पाणी. तसाच बसून राह्यलो. म्हणजे मी वाट बघत होतो! कोणीतरी आणून ठेवंल म्हणून. लग्न झाल्यापास्नं रोज उमानं सगळं मांडून ठेवलं, मी नुसता येऊन बसायचो नि वर उशीर झाला की ओरडायचो. मला वाटायचं पूजा मी करतो.

विभूतीची डबी सापडायला लई वेळ लागला. बेल मिळालाच न्हाई, तो आदल्या दिवशी आणावा लागतो हे आज कळलं. आमच्या लिंगायतांच्या रीतीनं उमाला मातीत बसवलं तवा तिचं लिंग तिच्या हातात ठेवलं होतं. त्या दिवशी मी रडलो न्हाई, माणसं होती. आज रडलो.

२४ फेब्रुवारी

आता एक एक सवय अंगाला लावून घेतोय. उठलं की आधी अंथरुणाची घडी. मग झाडणं. मग दूध. दूध तापवताना दुसरं काम काढायचं न्हाई — हे दोनदा ओटा धुतल्यावर समजलं. नळ येतो त्या दिवशी कुठं जायचं न्हाई. झोपताना हरभरे, मटकी काय ते भिजत घालायचं, न्हाईतर उद्या पुन्हा पिठलं.

पण एक गोष्ट कळंना. सैपाकघरात माझा हात सारखा चुकतो. मिठाचा डबा उजवीकडं शोधतो, तो डावीकडं. सांडशी डावीकडं. लाटणं डावीकडं. काडेपेटीबी डावीकडंच. मी वैतागून सगळं हलवायला निघालो नि हात थांबला. उमा डावखुरी होती.

हळदीकुंकू उजव्या हातानं, वाढणं उजव्या हातानं, जेवण उजव्या हातानं. चारचौघांत कधी डावा हात पुढं केला न्हाई बाईनं. हितं, एकटी असताना, डाव्या हातानं सगळं करत होती. आणि मला म्हाईत न्हाई! ईश्वरीला फोन केला. म्हणली, "अप्पा, तुमाला खरंच ठावं नव्हतं?" मग म्हणली, "तुमाला आमचं काय काय ठावं नसंल."

डबे होते तिथंच ठेवलेत. चुकू दे माझा हात.

३ मार्च

भाकरी फुगली. फुगली! साखराबाईला हाक मारून दाखवली. म्हणली, "पीठ ताजं हाय म्हणून. जुन्या पिठाला इरी राहत न्हाई, भाकरी थापतानाच तुटती, तवा तुमची अक्कल दिसंल." दोन शब्द बरे बोलली असती तर जीभ झडली असती का तिची? पण जाताना कांद्याची पात ठेवून गेली.

८ मार्च

विरजण मेलं.

९ मार्च

काल पुढं लिहवलं न्हाई. उमाचं विरजण तिच्या आईच्या घरचं. लग्नात डब्यात घालून आणलेलं. दह्यातून दही, रोज. बाळंतपणात, आजारपणात, दवाखान्यात असतानाबी साखराबाईला सांगून लावून घ्यायची. मी परवा गरम दुधात घातलं — चटका बसंल एवढ्या. नासलं. वाटीत जरा ठेवायचं मागं, तेबी ठेवलं न्हाई.

ईश्वरीला विचारलं, तुझ्याकडं असंल ना आईचं? लग्नात तुलाबी दिलं होतं. त्यातलं डबीभर आण, म्हणलं. म्हणली, "माझ्याकडंबी न्हाई आता अप्पा." मी चिडलो. एवढं संभाळता आलं न्हाई का पोरी तुला? फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. मारलं मी, नि बोललो तिला.

डेअरीवरून दही आणलं. आंबट हाय.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. साडी उमाची, हिरवी. निऱ्या काय जमल्या न्हाईत. घरातला तांब्या पोचा पडलेला, म्हणून हनुमानाला सांगून दुकानातला नवा आणला. वर लावल्यावर चमकला लई.

चार दिवस आधीच जावयाला फोन केलता. वीरेशराव, पाडव्याला दोघंबी या, म्हणलं. "बघू मामा." एवढंच. मग ईश्वरीचा फोन आला. "अप्पा, मी एकटी आले तर चालंल का?"

मी म्हणलं, छे. आई गेल्यावरचा पहिला सण. एकटी लेक गाडीतून उतरली की गल्लीतल्या बाया आधी मागं बघतेत, जावई कुठंय म्हणून. मग पिशवी किती मोठी ते बघतेत. तुझी आईबी हेच सांगायची ना? जोडीनं ये. ती म्हणली, "बरं अप्पा."

चांगलं सैपाकाचं ताट करून एकटाच जेवलो. वरणात मीठ नव्हतं. उठून घ्यायचाबी कंटाळा आला.

२ एप्रिल

फरशी पुसताना कंबर धरली. उमाचीबी धरायची. 'बस जरा, मग कर' एवढंबी कधी म्हणलो न्हाई.

१२ एप्रिल, रविवार

साखराबाईशी भांडण झालं. तिची सून स्वप्नाली पोटुशी हाय, तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलतं. आल्यावर साखराबाई दारात उभी राहून म्हणती, "अप्पा, ईश्वरी दिसली मंडी बाजारात. हातात भाजीची पिशवी होती." मी म्हणलं, ईश्वरी माजलगावला हाय. ती म्हणली, "मी काय आंधळी हाय? हाक मारली तर गर्दीत शिरली." मी म्हणलं, बाई, माझी लेक अंबाजोगाईपस्तोर येईल नि बापाला न भेटता जाईल? कायबी बोलू नका. आवाज चढला माझा.

"असंल बाई दुसरी कोणी," म्हणून गेली. दार आपटलं.

लोकाला काय, दुसऱ्याच्या लेकीवर नजर.

२० एप्रिल

साखराबाई बोलत न्हाई. कैरीचं लोणचं कसं घालायचं ते कोणाला विचारावं? मोबाईलवर बघून घातलं. तेल जास्त झालं.

१७ मे, रविवार

आजपास्नं अधिक महिना. भांडेवाल्याची दिवाळी. तीन वर्षांतून एकदा जावयाला वाण द्यायचं, म्हणून सगळी पंचक्रोशी दुकानात. ताम्हण, तांब्या, दिवा, फुलपात्र. हनुमानाला एकट्याला रेटंना, म्हणून मीबी गल्ल्यावर बसलो. एक सासू म्हणती जड ताम्हण दावा, जावई वजन करून बघतो. हसलो. लई दिवसांनी हसलो.

आणि तिथंच ठरवलं. धोंड्याचं जेवण करायचं, कणकेत पुरण भरून वाफवलेले धोंडे. जावयाला आवतण द्यायचं, रीतसर. पाडव्याला टाळलं, अक्षय तृतीयेला टाळलं, पण अधिकाचं आवतण कोणी मोडत न्हाई. जावई आला की लेक आलीच.

१९ मे

साखराबाई स्वतःहून आली. पुरण कसं शिजवायचं विचारलं तर तोंडाकडं बघत राह्यली. "अप्पा, बाईबिगर वाण कसं देणार तुमी? जोडप्यानं द्यायचं असतंय ते." मी म्हणलं, पाटाशेजारी उमाचा फोटो ठेवीन. फोटो कसा चालंल म्हणती. मी म्हणलं, मग तुमीच सांगा, ज्या लेकीची आई मेली तिच्या नवऱ्यानं वाण घ्यायचंच न्हाई का? डोळ्याला पदर लावला. मग म्हणली, "डाळ बोटानं दाबून बघायची. दाबली गेली की उतरवायची. चला, उठा."

२३ मे

जावयाला फोन. सात जूनचा रविवार सांगितला. मी म्हणलं, वीरेशराव, मी स्वतः सैपाक करणार हाय, सासरा धोंडे करतोय असं मराठवाड्यात कोणी ऐकलं नसंल, तेवढं बघायला तरी या. आणि ईश्वरीला सोबत आणा. जावयांनी तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "मामा, तिला तुमी सांगितलं का?" मी म्हणलं, अहो आवतण जावयाला असतंय, लेकीला काय सांगायचं! तुमी आणायचं तिला. "बघू मामा. येतो." बघू म्हणले, पण येतोबी म्हणले.

सरळ माणूस हाय. जरा मिळमिळीत हाय एवढंच. आईपुढं बोलत न्हाई.

२८ मे

पुरण पातळ झालं. उलथणं उभं राहत न्हाई, आडवंच पडतंय. पुन्हा आटवलं, करपलं. पातेलं घासायला दुपार गेली. असली पातेली 'बुडाला लागत न्हाई मावशे' म्हणून विकलीत मी.

३० मे

ईश्वरीचा फोन. आवाज बसलेला. सर्दी म्हणली. मी सगळं सांगत सुटलो — सात जूनचं आवतण, धोंडे जमायला लागले, तुझी खोली झाडली, आईची गोधडी उन्हात टाकली, उशीला नवा अभ्रा घातला. ऐकत होती. मग म्हणली, "अप्पा, सात तारखेच्या आधीच येऊ का? दोन दिवस. एकटीच."

मला मोह झाला. खरं लिहितो, तोंडावर आलतं ये म्हणून. पण म्हणलं, आठ दिवसांनी येणारच हाय. आत्ता एकटी आली तर जावयाला वाटंल, आमच्याबिगर आली, आता आमी कशाला जाऊ. झालेला बेत मोडायचा. म्हणलं, थांब आठ दिवस. जोडीनं ये. शोभतंय ते. जावयाच्या मागून तू दारात येशील ना, ते बघायचंय मला.

ती म्हणली, "अप्पा, घर आता आई होती तसं हाय का?"

तसं कुठून असंल. पण म्हणलं, हाय. ये नि बघ.

४ जून

वाणाचं ताम्हण काढलं. जड, तांब्याचं, हातानं ठोकलेलं. हनुमान म्हणला, अप्पा, हे तर तुमी दहा वर्षं कोणाला दिलं न्हाई. न्हाईच दिलं. अनारसे साखराबाई करून देणार. त्यातलं तिनं मला कायबी शिकवायचं नाकारलं. "अनारशाच्या वाटंला जाऊ नका, रडाल," म्हणली.

६ जून, शनिवार

सकाळपास्नं उभा हाय. डाळ शिजली, गूळ घातला, उलथणं उभं राह्यलं. ह्या घरात उमा गेल्यापास्नं मला कशाचा आनंद झाला असंल तर ह्याचा. साखराबाईला बोलावलं न्हाई. एकट्यानंच बघितलं. मग वाटलं, बोलावून दाखवावं — तर उमाच्याच नावानं हाक निघाली. 'उमे, बघ' म्हणलं. घरात आवाज घुमला.

तिथंच पिढ्यावर बसलो. कशासाठी करतोय हे सगळं? लेकीसाठी म्हणतो. पण खरं तर मला एकदा ह्या घरात दोन माणसांचा आवाज ऐकायचाय. 'अप्पा, सरका, मी करते' असं ईश्वरीनं म्हणावं नि मी म्हणावं बस तू, आलीस कधी नि लागलीस कधी. उमा असं म्हणायची तिला. दारातच भांडायच्या दोघी, कामावरून. मी पेपराच्या आडून ओरडायचो, गप बसा जरा. गप बसल्या बघा. एक कायमची, नि एक सहा महिने झाले घरात आली न्हाई.

चार धोंडे वाफवून बघितले. एक फुटला. तीन नीट. वरून तूप सोडून खाल्लं. उमाच्या हातची चव न्हाई, पण कोणी ताटात वाढलं तर टाकून देणार न्हाई. उद्या सकाळी ताजे करायचे. कणीक तेवढी मऊ मळायची.

खोलीत पुन्हा एकदा जाऊन आलो. चादर ताणली. तिला उजेड लागतो झोपताना, म्हणून छोटा दिवा बसवून घेतलाय. पाण्याचा तांब्या दाराशी भरून ठेवलाय, आत्तापास्नंच. साखराबाई म्हणती, "उद्या शिळं होईल ते." होऊ दे. उद्या बदलीन.

७ जून, रविवार

जावई आले. एकटेच. चप्पल काढता काढता आत बघत होते. मी त्यांच्या मागं रस्त्याकडं बघत होतो. मी विचारलं, ईश्वरी? त्यांनीबी त्याच वक्ताला विचारलं, "ईश्वरी कुठंय?"

शिवरात्रीच्या आधीच ती माजलगावचं घर सोडून गेली, म्हणले. पोरगं होईना म्हणून माझी आई तिला लई बोलली, मीबी गप बसलो मामा. त्यांना वाटलं, ती माझ्यापाशीच हाय नि मी समेटासाठी बोलावलंय.

तिला फोन लावला. अंबाजोगाईत खोली घेऊन राहती. एका मेडिकलवर बसती. तासाभराची वाट, पोरी, नि मला सांगितलं न्हाईस? म्हणली, "विचारलं होतं की अप्पा, एकटी येऊ का म्हणून."

मी म्हणलं, ये. एकटीच ये. आत्ता ये.

तिनं फोन ठेवला. येते म्हणली न्हाई.